जागा सोडण्याची वेळ आणि जागावाटपाचा न्याय

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर ब्रिटनमधील मराठी वाचकांची जी पत्रे या सदराकडे आली, त्यांतील बरीचशी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचे चाकांवरचे घर, घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांची आहेत आणि सगळ्यांच्या तक्रारी दोनच गोष्टींभोवती फिरतात : शेवटच्या दिवशी जागा किती वाजता सोडायची, आणि आल्यावर कोणती जागा कोणाला मिळायची. मी स्वतः बरीच वर्षे गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून इंग्लंड-वेल्समध्ये हिंडत असल्यामुळे हे प्रश्न मला परके नाहीत. कॅम्पसाइटला मी येथे तळ म्हणेन, आणि तिकडे ज्याला पिच म्हणतात त्या, एका कॅरॅव्हॅनसाठी आखून दिलेल्या तुकड्याला नुसते जागा. कॅरॅव्हॅनलाही पुढे कधी कधी नुसते व्हॅन म्हटले आहे.

प्रश्न : मे महिन्याच्या अखेरच्या बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) आम्ही लेक डिस्ट्रिक्टमधील एका तळावर तीन रात्री राहिलो. निघण्याच्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता, धाकट्या मुलीला ताप होता आणि ऑनिंग (व्हॅनच्या दाराला जोडायचा कापडी मांडव) ओलीचिंब झाली होती. पावणेबारा वाजता तळाची देखरेख करणारे वॉर्डन आले आणि बाराच्या आत जागा मोकळी करा, असे सांगून गेले. आम्ही धावतपळत बारा वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडलो. विसरलेली छत्री आणायला चार वाजता परत गेलो, तर आमची जागा रिकामीच होती. मग एवढी घाई कोणासाठी करायला लावली? (एक वाचक, लीड्स)

उत्तर : तापलेले मूल कडेवर आणि बाहेर धो धो पाऊस अशा वेळी कोणी घड्याळ दाखवले की वाईट वाटणारच, आणि पावणेबारा ही ते सांगण्याची वेळ नव्हे, हे मला मान्य आहे. पण नियमामागचे कारण आपल्या एका जागेत शोधू नका, ते सगळ्या तळात मिळून आहे.

ब्रिटनमध्ये पुष्कळ तळांवर बाराला जागा सोडायची आणि एकनंतर यायचे अशी रीत आहे. काही खासगी तळांवर सोडण्याची वेळ दहा किंवा अकरा आणि येण्याची दोन किंवा तीन असते. मधल्या तासा-दोन तासांत वॉर्डन, म्हणजे बहुधा तळावरच आपल्या व्हॅनमध्ये राहणारे एखादे जोडपे, मोकळ्या झालेल्या जागांवरचे गवत कापतात, व्हॅनला वीज देणारे छोटे खांब तपासतात, स्वच्छतागृहे धुऊन काढतात आणि कोणी मागे टाकलेले खुंटे उचलतात, कारण गवतात दडलेला एक खुंटा पुढच्या माणसाचा टायर फाडू शकतो. जागा एकेक करून दिवसभर सुटत राहिल्या तर यांतले एकही काम धड होत नाही.

दुसरे आणि माझ्या मते अधिक मोठे कारण म्हणजे रस्ता. डेव्हनमधील एका तळावरून आम्ही एकदा असेच उशिरा निघालो होतो. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच मातीचे बांध आणि त्यांवर झुडपांची भिंत, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. अर्धा मैल गेलो नाही तोच समोरून दुसरी कॅरॅव्हॅन आली. आमची गाडी आणि व्हॅन मिळून जवळजवळ १२ मीटर, त्यांचीही तेवढीच, आणि त्यांच्या मागे दूधवाल्याचा टँकर. अशा वाटेवर जोडलेली व्हॅन सरळ मागे नेणे भल्याभल्यांना जमत नाही. शेवटी त्या कुटुंबाने गाडीपासून व्हॅन सोडवली, चौघांनी मिळून ती हाताने ढकलत शेताच्या फाटकात घातली आणि मग आम्ही पुढे सरकलो. यात चाळीस मिनिटे गेली, आणि चूक सर्वस्वी आमची होती, कारण आम्ही वेळेवर निघालो असतो तर ती वाट आम्हाला रिकामी मिळाली असती. जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची गाठ पडू नये, यासाठीच मधला तास मोकळा ठेवलेला असतो.

आता रिकाम्या दिसलेल्या जागेबद्दल. जेथे आलेला माणूस स्वतः फिरून जागा निवडतो, तेथे सुटलेली प्रत्येक जागा एकच्या ठोक्याला भरेल असे नसते. समजा, ऐंशी जागांच्या तळावर त्या दिवशी साठ कुटुंबे बदलणार आहेत. त्यांतले कोण एकला येईल, कोण सहाला आणि कोण कोठे राहील, हे वॉर्डनलाही ठाऊक नसते. ‘माझ्या जागेवर कोणी येणार नव्हते’ हे चार वाजता दिसते; सकाळी अकरा वाजता ते कोणीच सांगू शकत नाही.

पुढच्या वेळी दोन गोष्टी कराव्यात. मूल आजारी आहे असे सकाळी आठ वाजता ऑफिसात जाऊन सांगावे, बारापर्यंत थांबू नये. प्रवेशद्वाराजवळ रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी बऱ्याच तळांवर एक पट्टा राखलेला असतो. तेथे व्हॅन नेऊन दोन-तीन तास थांबण्याची परवानगी बहुधा मिळते. काही तळ थोडे पैसे घेऊन उशिरा निघण्याची सोयही देतात. दुसरी गोष्ट ऑनिंगची : पावसाचा अंदाज असेल तर ती आदल्या संध्याकाळीच उतरवावी. ओली गुंडाळावीच लागली तर घरी पोहोचल्यावर दोन दिवसांच्या आत उलगडून वाळवावी, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जन्मात जात नाहीत. उरलेल्या कामांना, म्हणजे टॉयलेटची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करणे, गॅसची तोटी बंद करणे, छताच्या खिडक्या लावणे, फ्रिजचे दार अडकवणे, विजेची तार आधी खांबाकडून आणि मग व्हॅनकडून काढणे, कोपऱ्यांचे पाय वर घेणे, व्हॅन जोडून मागचे दिवे पाहणे, या सगळ्याला लहान मुले असलेल्या घरात दीड तास धरावा. म्हणजे बाराला निघायचे तर साडेदहापर्यंत चहा-नाश्ता उरकलेला हवा.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. शुक्रवारी दुपारी मुलांना शाळेतून घेऊन निघालो तरी कॉर्नवॉलला पोहोचेपर्यंत रात्रीचे आठ होतात. भाडे सगळ्यांना सारखे, पण समुद्राकडची सपाट जागा एक वाजता आलेल्यांना आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारची आम्हाला, हे दरवेळचे ठरलेले. याला न्याय म्हणायचे का? (एक वाचक, स्लाउ)

उत्तर : म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हा नियम वरवर सगळ्यांना सारखा वागवतो. प्रत्यक्षात ज्याच्याजवळ मोकळा दिवस आहे त्याला तो झुकते माप देतो. निवृत्त जोडपे मंगळवारी निघून बुधवारी एकच्या आधी दारात उभे राहू शकते. आपण शाळा सुटल्यावर निघणार, व्हॅन मागे असल्यामुळे मोटरवेवर ताशी ६० मैल आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० मैल ही मर्यादा पाळणार, तीन पदरी मोटरवेवर उजव्या पदरात जायला आपल्याला मनाई, आणि ब्रिस्टलच्या पुढे शुक्रवारच्या संध्याकाळी जी गर्दी लागते ती वेगळीच. त्या निवृत्त जोडप्याचा यात काही दोष नाही. त्यांनी आयुष्यभर काम करून हा मोकळा दिवस मिळवला आहे. दोष आहे तो उशिरा येणाऱ्याचा विचारच न करणाऱ्या व्यवस्थेचा. या नियमाने आणखी एक दुखणे निर्माण होते : चांगल्या जागेसाठी लोक साडेबारापासूनच फाटकाबाहेर रांग लावतात, रस्ता अडतो आणि आत जायला निघालेली रुग्णवाहिकासुद्धा अडकू शकते.

मग ऑफिसने प्रत्येकाला जागा नेमून द्यावी का? त्याने घाई संपते, रांग संपते, पण दोन नवे प्रश्न उभे राहतात. पहिला संशयाचा. दरवर्षी येणाऱ्यांना ओढ्याकाठची जागा आणि नव्या माणसाला स्वच्छतागृहाच्या मागची, असे दोन-तीनदा घडले की ते योगायोगाने घडले असले तरी कोणाला पटत नाही. दुसरा मापाचा. दोन आसांची लांब व्हॅन छोट्या जागेत बसत नाही. ब्रिटिश बनावटीच्या कॅरॅव्हॅनचे दार डाव्या बाजूला असते आणि युरोपातून आणलेल्या बऱ्याच व्हॅनचे उजव्या बाजूला, त्यामुळे कागदावर नेमून दिलेल्या जागेत एखाद्याची ऑनिंग थेट शेजाऱ्याच्या खिडकीसमोर उघडते. शिवाय फिरत्या कॅरॅव्हॅनच्या तळांसाठी ठरवलेल्या आदर्श मानकांप्रमाणे दोन वेगळ्या कुटुंबांच्या व्हॅनमध्ये ६ मीटर अंतर राहायला हवे, आणि कोणत्याही परिस्थितीत ३ मीटरच्या आत यायचे नाही. ही अट आगीसाठी आहे. एका व्हॅनला आग लागली तर ती काही मिनिटांत खाक होते, आणि मध्ये अंतर असेल तरच शेजारची वाचते. म्हणून ‘जरा सरकून घेऊ’ हा आपल्याकडचा तोडगा तेथे चालत नाही, आणि चालूही नये.

माझ्या मते न्याय्य वाटप असे असावे. आरक्षणाच्या वेळीच जागेचा प्रकार ठरावा : खडीची की गवताची, पाणी आणि निचरा जोडलेली की साधी, ऑनिंगसह की ऑनिंगशिवाय. एखादी जागा खरोखर सरस असेल, तर तिचे भाडे उघडपणे जास्त ठेवावे. त्या त्या प्रकाराच्या आत पाहिजे तर माणसाला निवडू द्यावे, पण शुक्रवारी आणि बँक हॉलिडेच्या आधी निदान चौथा हिस्सा जागा संध्याकाळी सहापर्यंत कोणाला देऊ नयेत. मग आठला येणाऱ्यालाही पर्याय उरतो. असा नियम करायला खर्च काही येत नाही. वॉर्डनने दहा-पंधरा जागांवर लाल शंकू उभे केले की काम झाले.

तोवर आपल्यासाठी एक उपाय. पहिल्या रात्री मिळाली तेथे राहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ऑफिसात विचारावे की आज बाराला कोणती जागा सुटते आहे आणि आम्हाला तेथे हलता येईल का. परवानगी घेतल्याशिवाय मात्र हलू नये, कारण आपली नोंद जुन्या जागेवर असते आणि आग लागल्यास वॉर्डन त्या नोंदीवरूनच माणसे मोजतो. आणि ऑनिंग पहिल्या रात्री लावू नये, म्हणजे हलणे अर्ध्या तासाचे काम होते.

प्रश्न : आमच्यासोबत येणारी दोन कुटुंबे मागे राहिली होती म्हणून आम्ही शेजारच्या दोन जागांवर खुर्च्या मांडून ठेवल्या. वॉर्डनने त्या उचलायला लावल्या. मित्रांनी आरक्षण केलेले असताना हा आग्रह का? (एक वाचक, मिल्टन कीन्स)

उत्तर : वॉर्डनचे बरोबर होते. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली सवय येथे नेऊ नये. मित्रांचे आरक्षण तळावरील एका जागेचे आहे, आपल्या शेजारच्या जागेचे नाही, आणि जो माणूस व्हॅन घेऊन त्या जागेसमोर उभा आहे त्याचा हक्क रिकाम्या खुर्चीपेक्षा मोठा आहे. तिघांनी एकाच तासात पोहोचावे, किंवा आरक्षण करतानाच शेजारी राहायचे आहे असे कळवून तळाची मान्यता लेखी घ्यावी. काही तळ एकत्र येणाऱ्या गटांना मुद्दाम एका बाजूला जागा देतात, कारण रात्री गप्पा रंगल्या तर इतरांना त्रास कमी होतो.

प्रश्न : पुण्याहून आलेल्या माझ्या आईला घेऊन आम्ही ऑगस्टमध्ये जाणार आहोत. संधिवातामुळे गेली चार वर्षे तिला काठीशिवाय चालता येत नाही. स्वच्छतागृहाजवळची जागा मागितली, तर ‘आम्ही जागा राखून ठेवत नाही’ एवढेच उत्तर आले. (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : ते उत्तर पुरेसे नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये २०१० चा समता कायदा लागू आहे. रोजच्या हालचालींवर मोठा परिणाम करणारे आणि बारा महिने किंवा त्याहून अधिक टिकलेले दुखणे त्या कायद्यात अपंगत्व ठरते. नुसते वय झाले म्हणून ते ठरत नाही, पण आपण वर्णन केलेला संधिवात बहुतेक त्यात बसेल. अशा व्यक्तीची मोठी गैरसोय होत असेल तर सेवा देणाऱ्याने वाजवी फेरबदल करायचे असतात आणि त्यासाठी जादा पैसे मागता येत नाहीत. ‘जागा राखून ठेवायची नाही’ हा तळाचा सर्वसाधारण नियम असू शकतो. परंतु आपल्या आईसाठी तो शिथिल करणे हाच तो वाजवी फेरबदल आहे. पाण्याच्या नळापासून व्हॅनपर्यंतची ओढाताण आपण करू शकता, पण रात्री दोन वाजता ओल्या गवतातून काठी टेकत दीडशे पावले जाणे आईला करावे लागू नये.

फोनवर वाद घालण्यापेक्षा ई-मेल लिहावा. आईचे दुखणे, किती पावले चालता येते, किती पायऱ्या चढता येतात आणि कोणत्या तारखांना जागा हवी, एवढेच साध्या भाषेत सांगावे आणि कायद्याचा उल्लेख एका वाक्यात करावा. बहुतेक ठिकाणी एवढ्याने काम होते. निघण्याच्या दिवशी आवरायला जास्त वेळ लागणार असेल तर तेही त्याच पत्रात मागावे. जागेप्रमाणे वेळेतही फेरबदल मागता येतो. (उत्तर आयर्लंडमध्ये १९९५ चा वेगळा कायदा आहे, तेथे जाणाऱ्यांनी त्याचा आधार घ्यावा.)

प्रश्न : संकेतस्थळावर खडीची जागा निवडून आरक्षण केले आणि पोहोचल्यावर चिखल झालेल्या गवतावर पाठवले. व्हॅन रुतली, ट्रॅक्टर बोलवावा लागला. पैसे परत मागता येतील का? (एक वाचक, कार्डिफ)

उत्तर : काही भाग मागता येईल. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सेवेबद्दल व्यावसायिकाने जे सांगितले किंवा लिहिले आणि ज्यावर विसंबून ग्राहकाने निर्णय घेतला, ते कराराचा भाग मानले जाते. ‘खडीची जागा’ असे लिहून पैसे घेतले असतील तर खडीची जागा द्यायला हवी. ती देता आली नाही तर योग्य तेवढी भाडेकपात मागण्याचा आपल्याला हक्क आहे. मात्र आरक्षणाची पावती पाहा. ‘शक्यतो’ किंवा ‘उपलब्धतेनुसार’ असे काही तिच्यात असेल तर आपली बाजू कमजोर होते, आणि हे शब्द बारीक अक्षरांत शेवटी दडवलेले असतील तर पुन्हा थोडी बळकट होते. चाकांच्या खड्ड्यांची छायाचित्रे असतील तर जोडा. एक लक्षात ठेवा की ठरावीक तारखांच्या मुक्कामाच्या आरक्षणाला चौदा दिवसांत रद्द करण्याची नेहमीची सवलत लागू नसते, त्यामुळे शंका आधीच फोन करून दूर करावी.

प्रश्न : वाईजवळ आमचे कृषी पर्यटन केंद्र आहे. आता काही पाहुणे स्वतःची कॅरॅव्हॅन किंवा भाड्याची कॅम्परव्हॅन (आतच राहण्याची सोय असलेली मोटारगाडी) घेऊन येतात. त्यांच्यासाठी वेळेचे आणि जागेचे नियम काय ठेवावेत? ब्रिटनमधील पद्धत जशीच्या तशी घ्यावी का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून असे प्रश्न येऊ लागले आहेत याचा मला आनंद आहे. ब्रिटनमध्ये आपल्यासारख्या शेतकऱ्यांसाठी एक चांगला नमुना आहे : १९६० च्या कायद्यात मान्यताप्राप्त क्लबांना दिलेल्या सवलतीमुळे एखाद्या शेतावर एका वेळी पाच कॅरॅव्हॅनपर्यंत राहू शकतात. पाच हा आकडा मला आपल्यासाठीही योग्य वाटतो, कारण तेवढ्यांना शेतकरी स्वतः लक्ष देऊ शकतो. ६ मीटरचे अंतरही जसेच्या तसे घ्यावे.

निघण्याची वेळ मात्र तिकडची घेऊ नये. आपल्याकडे शनिवार-रविवारचा पाहुणा रविवारी दुपारी पिठले-भाकरी किंवा मटणाचे जेवण करूनच निघतो, आणि आपली निम्मी कमाई त्या जेवणाची असते. त्याला बारा वाजता उठवाल तर त्याचेही मन दुखावेल आणि आपलेही नुकसान होईल. रविवारी संध्याकाळी नवा पाहुणा क्वचितच येतो. तेव्हा रविवारी चार, आणि इतर दिवशी व सुट्ट्या जोडून आल्या असतील तेव्हा अकरा, अशी वेळ ठेवावी आणि येण्याची वेळ त्यानंतर दीड तासाने. चारला सोडलेले लोक खंबाटकीचा घाट अंधारापूर्वी ओलांडतात, हाही एक फायदा.

जागा मुरूम आणि खडी टाकून, दाबून घ्याव्यात. जूनमध्ये काळ्या मातीत दीड टनाची व्हॅन उभी केली तर ती दिवाळीलाच निघेल. प्रत्येक जागेजवळ १६ अँपिअरची जोडणी दिली तर सुमारे ३,६८० वॅट मिळतात, म्हणजे एसी आणि इंडक्शन शेगडी एकदम लावल्यास खटका पडू शकतो. हे फलकावर आधीच लिहावे. कॅसेट टॉयलेट रिकामे करण्यासाठी बंदिस्त टाकी हवी, ओढ्याकडे जाणारा पाट नको.

पाच जागांना ठळक क्रमांक द्यावेत. आंब्याखालची एक आणि स्वच्छतागृहाजवळची एक यांपैकी दुसरी संध्याकाळी सातपर्यंत कोणाला देऊ नये, कारण आजी-आजोबांना घेऊन येणारे कुटुंब बहुधा सगळ्यात शेवटी पोहोचते. आंब्याखालची जागा सगळ्यांनाच हवी असणार. ती आरक्षणाच्या क्रमाने द्यावी, ओळखीच्या क्रमाने नाही, आणि तसे आरक्षणाच्या संदेशातच कळवावे.